मामाचा टाळ आणि मोबाईलमधला ठोकळा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. रोज सकाळी गिरणी उघडण्याआधी हनुमानासमोर दोन मिनिटं उभा राहतो — त्यालाही नाही. त्याला ठाऊक असेल, ती गोष्ट वेगळी. पण दुसऱ्याला ठाऊक असणं आणि आपल्या तोंडाने सांगणं, यात फरक असतो की नाही? आणि सांगायला बसलो तर सुरुवात करावी लागते ती मोबाईलमधल्या एका फुकटच्या गेमपासून! हसा, हसून घ्या. पंचावन्न वर्षांचा, पांढऱ्या मिशांचा माणूस गेमची गोष्ट सांगतो म्हटल्यावर मीसुद्धा हसलो असतो.

मी आंबागडचा. किल्ल्याच्या पायथ्याशी माझी धानाची गिरणी आहे. सव्वीस वर्षं झाली — धान आत, तांदूळ बाहेर, आणि मधे दिवसभर यंत्राचा धडधडाट. पण माझ्या मनात मी कधी गिरणीवाला नव्हतोच. मी ढोलकीवाला. आमचं भजन मंडळ दर गुरुवारी संध्याकाळी देवळात बसतं. पेटी आणि गाणं मास्तरांचं. ते शाळेतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं, सूर पक्का. ढोलकी माझी. आणि टाळ शालिकमामाचा.

मामा म्हणजे सख्खा नव्हे, गावाच्या नात्याने मामा. तलावात मासोळी धरणाऱ्या घरातला. सगळा जन्म पाण्यात उभं राहून जाळं फेकलेलं, त्यामुळे हात असे की बघत राहावं — काळे, गाठीगाठीचे. त्या हातात वडिलांच्या वेळचा पितळी टाळ आला की मात्र कसा नाजूक वाजायचा! मामा कधी पुढे बसला नाही, मास्तरांच्या पाठीमागे खांबाला टेकून बसायचा. आमच्याकडे नव्या माणसाला सांगतात, ढोलकी दिसते आणि टाळ चालवतो. मला ते ऐकायला आवडायचं नाही. का आवडेल? लोक माना डोलवायचे ते माझ्याकडे बघून.

हा माझा स्वभाव आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्हाला नवल वाटायला नको.

तर गेम. तो माझ्या मोबाईलात प्राचीने टाकला — माझी मुलगी, तेव्हा तुमसरला कॉलेजात जायची. दुपारी लाईन गेली की गिरणी बंद पडते, धान घेऊन आलेले लोक पोत्यांवर बसून गप्पा करतात आणि मी उगाच मोटरीभोवती फेऱ्या मारतो. ती म्हणाली, बाबा, हे खेळा. साधाच होता. एक रंगीत ठोकळा आपला आपण पळत असतो. समोर काटे येतात, खड्डे येतात, पायऱ्या येतात. बोट टेकवलं की ठोकळा उडी मारतो. बस, एवढंच. पण मागे गाणं वाजत असतं आणि ते काटे त्या गाण्याच्या ठेक्यावर पेरलेले असतात. उडी ठेक्यात पडली तर वाचलात. जरा आधी, जरा नंतर — ठोकळा फुटला. फुटला की पुन्हा पहिल्यापासून, गाणंही पहिल्यापासून. आणि किती वाट कापली ते टक्क्यांत लिहून येतं.

मला वेड लागलं हो! दुसरा शब्दच नाही. ठेका आणि बोट — हा तर आपल्या घरचाच खेळ, असं वाटलं. एक्केचाळीस टक्के, त्रेपन्न टक्के, मग कितीतरी दिवस चौसष्ट. चौसष्टवर तीन काटे लागोपाठ होते, तिथे हमखास मरायचो. चार-दोनदा मेलं की जाहिरात यायची, कधी साबणाची, कधी दुसऱ्याच कुठल्या गेमची. पण फुकटच्या पंगतीत बसल्यावर वाढपी वाढेल ते खावं. थोड्याच पायऱ्या फुकट होत्या, बाकीच्यांवर कुलूप. त्या कुलपाकडे मी कधी बघितलंही नाही. माझं सगळं भांडण पहिल्याच वाटेशी चाललेलं!

प्राची खांद्यावरून वाकून बघायची आणि म्हणायची, "बाबा, तुमी घाई करता. उडी आधी मारता."

मी तिला गप्प केलं. वीस वर्षं ढोलकी वाजवणाऱ्या माणसाला ठेका शिकवते! पण गंमत बघा, गेम तिच्याच बाजूने होता. मी दरवेळी आधी मारायचो. दरवेळी.

त्याच सुमारास मंडळातही कुठेतरी बिनसत होतं. भजन चांगलं सुरू व्हायचं आणि तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत ढोलकी एकीकडे, टाळ एकीकडे. मास्तर पेटीवरून मान वर करायचे, काही बोलायचे नाहीत. नाकाडोंगरीला भजन स्पर्धा होती, महिना-दीड महिना उरला होता. मला वाटायचं, मामा मागे पडतो. वय झालं, हात थंड पाण्याने आखडले असतील. असं खरंच वाटायचं — इथवर तरी मी खोटं बोलत नव्हतो. इथवरचं माफ असतं की नाही, ते जाऊ द्या.

मग तो मंगळवार आला.

लाईन गेलेली, मी पोत्यावर बसून खेळत होतो. चौसष्ट ओलांडलं. ऐंशी ओलांडलं. नव्वदच्या पुढे श्वास धरला — आणि ठोकळा पार गेला! शंभर टक्के. मी एवढ्याने ओरडलो की बाहेर झाडाखाली बसलेली माणसं आत डोकावली. प्राची डबा घेऊन नुकतीच आली होती. तिने मोबाईल हातात घेतला, खाली-वर बघितला आणि सहज बोलली.

"बाबा, आवाज तं बंदच हाये."

जाहिराती मोठ्याने वाजतात म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी तिनेच आवाज बंद करून ठेवला होता. म्हणजे सोमवारची संध्याकाळ, मंगळवारची सकाळ, दुपार — मी जे गाणं ऐकत होतो ते वाजतच नव्हतं. ते माझ्या डोक्यात चाललं होतं. डोळ्यांनी काटे बघत होतो, बोटाला सवय झाली होती, आणि मी खुशाल समजत होतो की मी ठेक्यावर आहे.

तिने आवाज सुरू केला. मी कान लावला. खालचं धम-धम आलं. ती म्हणाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत एक बारीक टिकटिक चालते बाबा, तिच्यावर उडी मारायची असते, सोपं जाते. मी विचारलं, कोणती टिकटिक? तिने बोटाने हवेत दाखवलं — ही, ही, ही. मी मान हलवली. हो हो, म्हणालो. मला काहीही ऐकू येत नव्हतं.

त्या दिवशी गिरणी लवकर बंद केली. देवळात कोणी नव्हतं. कोनाड्यात मामाचा टाळ ठेवलेला असायचा, तो काढला आणि उजव्या कानाजवळ वाजवला. बोटांत थरथर आली. आवाज — कसा सांगू — गोधडीच्या आतून कोणी बोलावं तसा. मग डाव्या कानाजवळ. तेच. तोवर बावीस वर्षं त्या यंत्राशेजारी उभा होतो. गिरणीत सगळे ओरडूनच बोलतात, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. ढोलकी मला ऐकू येत होती, कारण ती जाड आवाजाची आणि माझ्या मांडीवर असते. टाळ मात्र कधीचा निघून गेला होता. मामा मागे पडत नव्हता. मी पुढे पळत होतो, आणि धरून ठेवणारा आवाज मला पोचतच नव्हता.

आता बघा. हे मला मंगळवारी कळलं. गुरुवार दोन दिवसांवर होता. दोन दिवस पुष्कळ असतात ना? बोलायचं असतं तर?

गुरुवारी पुन्हा तेच झालं. चौथ्या कडव्यात सगळं सुटलं. मास्तरांनी पेटीचा भाता सोडून दिला आणि पहिल्यांदाच सरळ विचारलं, "ठेका कोन चुकवून राहिलं? स्पर्धा तोंडावर आली, आता सांगा."

मी ढोलकीच्या वादीकडे बघत होतो. तोंडात शब्द तयार होता — मी. एकाक्षरी. तो गिळला. आणि म्हणालो, "मामाचा टाळ मांगं पडते. लय दिवसापासून पाहून राहिलो, म्हटलं काहून बोलावं."

काहून बोलावं! वर आणखी उपकार केल्यासारखं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण लहानपणी पाठ केली होती. पण म्हणीतल्या बाईला निदान ठाऊक नसेल की तिला नाचता येत नाही. मला ठाऊक होतं.

तुम्हाला वाटेल, मामा चिडला असेल. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने आपले दोन्ही हात उलटे केले, दिव्याच्या उजेडात बोटांकडे बघितलं, मुठी दोनदा उघडल्या, मिटल्या. म्हणाला, "असन गा. बोटं आखडले असन." आणि टाळ शेजारच्या माणसाच्या हातात दिला.

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या हातांपेक्षा जास्त.

नवा टाळवाला जोशात होता आणि माझ्याकडे बघून वाजवायचा. मी पळालो की तोही पळायचा, त्यामुळे फाटलं कुठेच नाही. नाकाडोंगरीला आमचा तिसरा नंबर आला. लोक म्हणाले, बघा, टाळ बदलला आणि मंडळ सुधारलं. मास्तर तेवढे एकदा म्हणाले, आजकाल भजन लवकर संपते. बाकी सगळे खूश. मामा स्पर्धेला आला होता, मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. त्यानंतर तो गुरुवारी यायचा कमी झाला, आणि मग बंदच झाला.

या गोष्टीला चार वर्षं झाली.

या चार वर्षांत माझ्याशी खरं बोलणारा एकच होता, तो ठोकळा. तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे! पण विचार करा. त्या गेममध्ये दुसरा कोणी नसतो. मेलो तर मीच मेलो. तिथे टाळवाला नाही, मास्तर नाही, कोणाकडे बोट दाखवायची सोय नाही. चौसष्ट म्हणजे चौसष्ट. तो रागावत नाही, चारचौघांत पाणउताराही करत नाही. आकडा दाखवतो आणि पुन्हा पहिल्यापासून पळायला लागतो. माझ्या कानांचं सगळ्यात आधी त्यानेच सांगितलं, तेही फुकट, आणि माझी अब्रू राखून. त्याचे उपकार मी मानतो. खरंच मानतो.

पण त्याच्यात काय नाही, तेही मला कळलं. तो तुमचं ऐकत नाही. तुम्ही आधी मारलं काय, नंतर मारलं काय, गाणं आपलं तसंच चालतं. आणि दुसरं म्हणजे पाठ करून, नुसत्या डोळ्यांनी, त्याला फसवता येतं. मीच नाही का बहिऱ्या कानांनी शंभर टक्के मिळवले? मामाला असं फसवता आलं नसतं. आज आठवतं, कान जायला लागले तेव्हाही पहिली वर्ष-दोन वर्षं भजन फाटलं नव्हतं. का नव्हतं? मी पुढे सरकलो की मामा टाळाचा एखादा घाव हलका करायचा, हळूच माझ्याजवळ यायचा आणि दोन आवर्तनांत मला परत जागेवर आणून बसवायचा. कोणाला दिसायचं नाही. मलाही दिसलं नाही! तो ठोकळा एका चुकीला फोडतो. या माणसाने माझ्या किती चुका पोटात घातल्या, आणि शेवटी मी इतका पुढे पळालो की त्याचा हात पुरला नाही, तेव्हा मी त्यालाच उठवलं.

मागच्या दिवाळीनंतर प्राची हट्टाने मला भंडाऱ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिला काही कळलं होतं असं नाही; तिची आई म्हणायची, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही यांना. कानामागे मशीन लागलं. एसटीत बसल्या बसल्या मी मोबाईल काढला, आवाज वाढवला आणि गेम लावला. टिकटिक होती. पहिल्या काट्याच्याही आधीपासून होती, बारीक, टाळासारखी. मी खेळलो नाही, ठोकळा पहिल्याच काट्यावर फुटू दिला, पुन्हा फुटू दिला आणि नुसता ऐकत राहिलो. डोळे भरून आले. प्राचीला वाटलं, मशीन टोचतं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो. तलावाच्या पाळीवर त्याचं घर आहे. मामा ओसरीत जाळं विणत बसला होता — त्याच बोटांनी, इतक्या सफाईने की मी दारातच थबकलो. त्याने आधी कानामागचं मशीन बघितलं, जवळ येऊन नीट बघितलं, आणि लहान मुलासारखा खूश झाला. चहा मांडायला लावला. मग म्हणाला, "तुले कानाची मशीन भेटली, बरं झालं. डॉक्टरले इचार ना गा, माह्या बोटाईले काही भेटते काय?"

मी काही म्हणायच्या आत तो आत गेला आणि टाळ घेऊन आला. वडिलांचा टाळ. देवळातल्या कोनाड्यातून त्याने तो कधी घरी नेला, मला पत्ताही नव्हता. म्हणाला, ऐकू येतो का बघू. वाजवायला लागला. ऐकू आला. स्वच्छ, एकेक घाव. ढोलकी नव्हती, मी समोरच्या उपड्या टोपलीवर हात टाकला. आम्ही एक पूर्ण भजन वाजवलं, गाणं नाही, नुसता ठेका. तसूभर कुठे हललं नाही. चार वर्षांत माझा हात असा शांत बसला नव्हता. तो धरून होता आणि मला त्याचं धरणं ऐकू येत होतं. त्या वेळी मला इतकं बरं वाटलं, इतकं, की मी कशासाठी आलो होतो तेच विसरलो. नाही — विसरलो नाही. खोटं कशाला बोलू आता?

मामाने टाळ खाली ठेवला. बोटं चोळली. त्याचा चेहरा नुसता उजळला होता.

"आज तं लय जमलं गा," तो म्हणाला. "तू सांभाळून घेतलं मले. तवाबी तूच सांगतलं म्हणून बरं झालं, नाही तं माह्यापायी मंडळाची इज्जत गेली असती."

मी चहा संपवला. डॉक्टरांना विचारतो म्हणालो. निघताना त्याच्या बायकोने वाळवलेले झिंगे पिशवीत घालून दिले, ते घेतले आणि घरी आलो.

त्याच्या बोटांना काहीही झालेलं नाही. कधीच झालेलं नव्हतं. हे आंबागडात एका माणसाला माहीत आहे, आणि तो शालिकमामा नाही.